४८ प्लॉट, ८ गावं: सोयाबीनच्या क्रॉप कटिंगच्या नोंदी

२१ सप्टेंबर, इंदूर

उद्यापासून कटिंग (शेतातला ठरावीक तुकडा कापून उताऱ्याचा अंदाज काढायचा), म्हणून आजपासूनच लिहायला घेतलं, नाहीतर नोव्हेंबरात बसून "हा आकडा आला कुठून" करत डोकं धरायची वेळ येते. काम असं आहे की आमच्या शेतकरी ग्रुपला सोयाबीनचा हेक्टरी उतारा हवाय, सरासरी तर हवीच पण ती किती इकडेतिकडे होऊ शकते तेही हवंय, कारण व्यापाऱ्याशी बोलताना सरांना एकच आकडा धरून बसायचं नाहीये. देपालपूर, सांवेर, महू मिळून ग्रुपची सव्वाशेच्या वर गावं, त्यातली ८ चिठ्ठ्या टाकून काढली, दर गावात ३ शेतं, दर शेतात ५ बाय ५ मीटरचे २ प्लॉट, म्हणजे एकूण ४८. गावांची नावं इथे नको, क ख ग घ च छ ज झ असंच लिहिणार.

सर म्हणाले ४८ म्हणजे पुष्कळ झाले की. मलाही तसंच वाटतंय.

२३ सप्टेंबर

क गाव झालं. सकाळी पोहे खाऊन साडेसहाला निघालो तरी शेतात पोचेपर्यंत नऊ, कारण शेवटचे दोन किलोमीटर चिखल. चार खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, कर्ण मोजायचा (७.०७ मीटर आला तरच चौकोन सरळ, नाहीतर तो पतंग होतो), मग आतलं सगळं कापून तिरपालावर झोडपायचं, पाखडायचं, पिशवीत भरून चिठ्ठी लावायची. कापण्यापेक्षा वेळ जातो तो दोरीवर आलेल्या झाडांवर. बुंधा आत, फांदी बाहेर. बुंधा बाहेर, शेंगा आत. नियम आहे की बुंधा बघायचा, पण मजूर शेतकऱ्याच्या भावकीतला असतो आणि त्याला पीक चांगलं दिसावं असं मनापासून वाटत असतं, तो हळूच काठावरची झाडं आत ओढतो. मी दोनदा हटकलं तर म्हातारे बाबा म्हणाले, "बेटा, दो पौधे में क्या बिगड़ता है." बिगडतं बाबा, पंचवीस चौरस मीटरच्या वजनाला ४०० ने गुणायचं असतं, इथला १०० ग्रॅमचा घोळ तिकडे हेक्टरी ४० किलो होतो.

पिशव्या गच्चीवर वाळत टाकल्यात, वजन वाळल्यावरच. आईचे पापड एका कोपऱ्यात, माझं सोयाबीन बाकी गच्चीभर. बोलणी खाऊन झाली.

२ ऑक्टोबर

दसरा. वरच्या मजल्यावरचे काका सोनं द्यायला आले ते गच्चीवरच जाऊन बसले, पिशव्या बघून खूष. काकांची अख्खी नोकरी शेतकी आकडेवारीत गेली, रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी क्रॉप कटिंग म्हटलं की डोळे चमकतात. मग पानसेंवर गाडी आली. मला खरंच माहीत नव्हतं की वि. गो. पानसे इथलेच, म्हणजे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कापसावर काम करणारे, तीच संस्था जी अल्बर्ट हॉवर्डने १९२४ मध्ये उभी केली आणि जिथून कंपोस्टची "इंदूर पद्धत" निघाली. नंतर ते दिल्लीला गेले, आणि साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे आणि ते, दोघांचं मिळून शेतकी संख्याशास्त्रावरचं १९५४ चं पुस्तक शेतकी कॉलेजात सगळ्यांनी घासलेलं. काकांकडे त्याची प्रत आहे, पुठ्ठा गेलेला, सुतळीने बांधलेली.

काठावरच्या झाडांची गोष्ट सांगितली तर काका म्हणाले हे भांडण जुनं आहे. सुखात्मेंनी १९४६ मध्येच दाखवलं होतं की प्लॉट फार लहान घेतला तर उतारा फुगून येतो, कारण प्लॉट जितका लहान तितका क्षेत्राच्या मानाने काठ जास्त, आणि काठावर माणसाचा हात आतच ओढतो. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचे प्लॉट लहान असायचे, त्यावरून दोन्हीकडून बरंच लिहिलं गेलं. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त लागली: ही चूक सगळ्या प्लॉटमध्ये एकाच बाजूला होते, म्हणून व्हेरिअन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) कितीही नीट काढला तरी त्यात ती दिसतच नाही. सगळे काटे १० टक्के जास्त दाखवत असतील तर आकडे आपापसात छान जुळतील, स्टँडर्ड एरर (सरासरी साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते तो आकडा) गोड येईल आणि उत्तर चुकलेलं असेल.

५ ऑक्टोबर

४८ वजनं शीटमध्ये चढली. (ग गावच्या एका पिशवीची चिठ्ठी भिजून शाई पसरली होती, फोटोवरून लावली.) सरासरी ३.०० किलो दर प्लॉट, म्हणजे हेक्टरी १२०० किलो, १२ क्विंटल. बरोब्बर ३ आल्यावर आधी संशयच आला, दोनदा तपासलं, येतं कधीकधी.

मग व्हेरिअन्स. ४८ आकड्यांच्या सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग, बेरीज २८.७२, भागिले ४७, आलं ०.६११. त्याला ४८ ने भागून वर्गमूळ, म्हणजे स्टँडर्ड एरर, ०.११३ किलो. हेक्टरी ४५ किलो. म्हणजे ९५ टक्क्यांचा पट्टा (दोन्हीकडे त्याच्या १.९६ पट) साधारण १११२ ते १२८८. सरांना लगेच व्हॉट्सॲप केलं, सरांचा अंगठा आला.

भाची मागे उभी होती, बारावीला आहे, विचारते ४८ का नाही, ४७ का. सांगितलं की फरक आपण खऱ्या सरासरीपासून मोजतच नाही, याच ४८ आकड्यांतून काढलेल्या सरासरीपासून मोजतो, आणि ती सरासरी याच आकड्यांच्या मधोमध बसलेली असते म्हणून फरक थोडे लहानच येतात, शिवाय सगळ्या फरकांची बेरीज शून्य यावीच लागते, म्हणजे ४७ सांगितले की अठ्ठेचाळिसावा आपोआप ठरला, त्याच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही उरत नाही. म्हणाली, "मग ४८ आणि ४७ ने फरक कितीसा पडणार?" काही नाही गं. पण ८ आणि ७ असते तर पडला असता.

७ ऑक्टोबर

आज व्हेरिअन्स मायनस आला.

मजा वाटली आधी. बघायचं होतं की एका गावातले सहा प्लॉट एकमेकांपासून किती लांब आहेत, म्हणून जीपीएसच्या रेखांशाचा व्हेरिअन्स काढायला घेतला, ऑफिसातली जुनी स्क्रिप्ट होती तीच चालवली. उत्तर उणे ०.०००४९. वर्गांची सरासरी उणे! तासभर डेटात चूक शोधली, डेटा ठीक होता.

स्क्रिप्टमध्ये तो शाळेतला शॉर्टकट फॉर्म्युला होता, वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायचा. कागदावर एकदम बरोबर. पण फाइल छोटी राहावी म्हणून कोणीतरी आकडे ३२ बिटांत ठेवलेले, त्यात जेमतेम सात अंक टिकतात. रेखांश ७५.८ च्या आसपास, त्याचा वर्ग साधारण ५७५०, आणि एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ३२ बिटांची सगळ्यात बारीक पायरीच ०.०००४९ ची. माझे प्लॉट एकमेकांपासून ०.००५ अंशात, म्हणजे खरा व्हेरिअन्स फार तर ०.०००००६ च्या घरात. म्हणजे दोन हत्ती वेगवेगळे तोलायचे आणि वजनातल्या फरकावरून मुंगीचं वजन सांगायचं. उत्तर शून्य येणार किंवा एक पायरी वर किंवा एक पायरी खाली, मला खालची मिळाली.

उपाय सोपा, आधी सगळ्यांतून ७५.८ वजा करून टाका, व्हेरिअन्स बदलत नाही, किंवा आधी सरासरी काढून मग फरक घ्या. डेटा एकेक करून येत असेल तर वेलफर्डची १९६२ ची रीत, नवीन आकडा आला की सरासरी जराशी सरकवायची आणि फरकांच्या वर्गांच्या बेरजेत त्या हिशोबाने भर टाकायची. स्क्रिप्टमध्ये तीच घातली. वजनांच्या शीटला हा रोग नव्हता, तिथे आकडे २-३ किलोचे आणि ६४ बिट, तरी पुन्हा चालवून बघितलं. तेच आलं.

९ ऑक्टोबर

सरांचा मित्र, डेटावाला, फोनवर म्हणाला फॉर्म्युले कोण वापरतं आता, बूटस्ट्रॅप कर. केलं. एफ्रनची १९७९ ची आयडिया, आपलं सॅम्पल हीच दुनिया समजायची, त्यातून परत टाकून परत काढत तेवढ्याच आकाराची सॅम्पलं हजारो वेळा काढायची, दर वेळी सरासरी, आणि त्या सरासऱ्या किती पसरल्या ते बघायचं. १०,००० वेळा केलं, पंख्याखाली लॅपटॉप ठेवून, दोन सेकंदांत झालं.

०.११२. फॉर्म्युल्याचा ०.११३. दोन वेगळ्या पद्धती जुळल्या, म्हणजे काम पक्कं. सरांसाठी रिपोर्टचा पहिला ड्राफ्ट लिहिला.

११ ऑक्टोबर

ड्राफ्ट काकांना दाखवायला नको होता किंवा आठवडाभर आधी दाखवायला हवा होता.

काकांनी चष्मा वर केला, आकडे नाहीच बघितले, विचारलं, "अगं, चिठ्ठ्या कशाच्या टाकल्यास?" म्हटलं गावांच्या. "किती काढल्यास?" आठ. "मग तुझ्याकडे आठच आहेत, अठ्ठेचाळीस कुठून आणलेस?"

मी वाद घातला. प्लॉट ४८ आहेत, माझ्या गच्चीवर वाळलेत, आई साक्षीला आहे. काका म्हणाले गावनिहाय सरासरी लिही. लिहिली:

क २.१, ख २.४, ग २.६, घ २.९, च ३.०, छ ३.३, ज ३.५, झ ४.२.

मग म्हणाले क आणि झ चे सहा-सहा आकडे बघ. क चे १.५ ते २.७. झ चे ३.७ ते ४.८. क चा सगळ्यात भारी प्लॉट झ च्या सगळ्यात हलक्याच्या जवळपासही नाही. उघडच आहे, एका गावात पाऊस एकच, जमीन एकच, पेरणी दोन-चार दिवसांत सगळ्यांची, बियाणंही बऱ्याचदा एकाच दुकानातून. क मध्ये दोन प्लॉट कापल्यावर तिसरा काय येणार ते मलाही साधारण दिसत होतं. उरलेले चार कापले, त्यातून क बद्दल कळलं, जिल्ह्याबद्दल फारसं नाही.

गावांच्या आठ सरासऱ्या घेतल्या. ३ पासूनच्या फरकांचे वर्ग, बेरीज ३.१२, भागिले ७, ०.४४६, भागिले ८, ०.०५५७, वर्गमूळ ०.२३६. हेक्टरी ९४ किलो. पाठवलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.

सरासरीच्या नव्या आणि जुन्या व्हेरिअन्सचं गुणोत्तर ४.४. लेस्ली किशने १९६५ मध्ये यालाच डिझाइन इफेक्ट म्हटलं. ४८ ला ४.४ ने भाग, ११. एवढी मरमर करून माझे ४८ प्लॉट म्हणजे जिल्हाभर सुटे विखुरलेले ११ प्लॉट.

आणि बूटस्ट्रॅप जुळला होता त्याचं काय? तो जुळणारच होता. मी त्यालाही ४८ सुट्या ओळीच दिल्या होत्या, त्याने इमानदारीने ४८ सुट्या ओळींचं उत्तर दिलं. एकाच चुकीला दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणाली. याचीच जास्त लाज वाटली.

१२ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. पट्टा आता १.९६ ने गुणून चालणार नाही, गावं आठ म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम ७ (भाचीला सांगितलेलं तेच, आठातला एक आपोआप ठरतो), त्यासाठी टी च्या तक्त्यातला आकडा २.३६५. म्हणजे १२०० च्या दोन्हीकडे २२३, ९७७ ते १४२३. सर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "भिया, याने तर काहीच नाही सांगितलं." (सर रागावले की मला पण भिया म्हणतात.) मी म्हटलं सर, जेवढं माहीत आहे तेवढंच सांगितलं, आधीचं जास्त सांगत होतं.

१४ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई घरात, लॅपटॉप घेऊन काकांकडे. आज सगळ्या पद्धती गावावर चालवल्या, ओळीवर नाही.

जॅकनाइफ: दर वेळी एक गाव वगळायचं. झ वगळलं तर सरासरी २.८२९, क वगळलं तर ३.१२९, असे आठ आकडे, त्यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज गुणिले ७/८. उत्तर ०.२३६, शेवटच्या अंकापर्यंत तेच, सरासरीसाठी ते बीजगणितानेच तसं येतं. क्वेनूयने १९४९ मध्ये बायस (एकाच बाजूला होणारी चूक) कमी करायला काढलं होतं, व्हेरिअन्सला लावलं आणि नाव ठेवलं ट्युकीने, १९५८ मध्ये. खिशातला चाकू, कुठेही चालतो म्हणून.

बूटस्ट्रॅप, आठातून आठ गावं परत टाकत: ०.२२१. जरा कमी. हेच ते भाचीला म्हटलेलं ८ आणि ७ चं प्रकरण, बूटस्ट्रॅप आतल्या आत ८ ने भागतो. १०० गावं असती तर कोणाला कळलंही नसतं, आठात ६-७ टक्क्यांची खोट येते. राव आणि वू यांच्या १९८८ च्या पेपरात इलाज आहे, साध्या रूपात एवढाच की आठातून आठ नाही, सातच काढा. केलं, ०.२३६.

गावाच्या आत शेत, शेताच्या आत प्लॉट, या पायऱ्यांचं काय करायचं याची मला काळजी होती. काही करायचं नाही. सव्वाशेतली आठ म्हणजे गावांचा हिस्सा छोटा, मग आतली सगळी उलथापालथ गावाच्या सरासरीत आपोआप उतरलेली असते.

१५ ऑक्टोबर

काकांचा आवडता विषय, महालनोबिस. बंगालात तागाच्या सर्व्हेत त्यांनी सॅम्पलच दोन किंवा जास्त तुकड्यांत काढायचं ठरवलं, दर तुकडा स्वतंत्र, वेगळी टोळी, आणि तुकड्यांच्या उत्तरांतला फरक हाच चुकीचा अंदाज. एनएसएसमध्ये (सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्व्हेत) सब-सॅम्पल १ आणि २ करतात त्याचं मूळ हेच. दोन तुकडे असतील तर फरकाचा वर्ग भागिले ४, बस्स, हाताने होतं.

करून बघितलं. क घ छ ज एकीकडे, सरासरी २.९५; ख ग च झ दुसरीकडे, ३.०५. फरक ०.१, स्टँडर्ड एरर ०.०५. मी उडी मारणार तेवढ्यात काका म्हणाले दुसरे अर्धे पाड. क ख ग घ आणि च छ ज झ: २.५ आणि ३.५, एरर ०.५. दहापट! एकाच फरकावर उभं आहे ना, नशिबाचा खेळ. आठ गावांचे दोन समान भाग ३५ प्रकारे पडतात. सगळे ३५ कॉम्प्युटरकडून काढून घेतले आणि त्या व्हेरिअन्सची सरासरी घेतली: ०.०५५७. पुन्हा तोच. काकांनी टाळी दिली, काकू आतून विचारत होत्या झालं काय.

हे तुकडे टोळीप्रमाणे पाडले असते तर एका टोळीचा हात काठावरची झाडं ओढतोय हेही कदाचित फरकात दिसलं असतं. आमच्याकडे टोळी एकच होती. पुढच्या वर्षी दोन.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली, चिवडा अजून आहे, जीरावन घालून संपवतोय.

सरांना मीडियन हवा होता, "मधलं गाव" व्यापाऱ्याला समजतं म्हणून. मीडियन २.९५. जॅकनाइफ लावला आणि बघत बसले: खालचं कुठलंही गाव वगळा, मीडियन ३.०, वरचं कुठलंही वगळा, २.९. आठ वेळा वगळून आकडे दोनच. एरर ०.१३२, आणि तो ठरतो फक्त घ आणि च मधल्या अंतरावर, झ ४.२ असो की १० याला पत्ता नाही. गंमत म्हणून च ला ३.० ऐवजी ३.२ केलं, एका गावात २०० ग्रॅम, एरर ०.१३ वरून ०.४० वर. मीडियनला जॅकनाइफ चालत नाही हे वाचलेलं होतं, आज दिसलं. तिथे बूटस्ट्रॅपच, पण आठ गावांत तोही धापा टाकतो. मीडियन रिपोर्टमधून काढला.

दुसरं काम महत्त्वाचं होतं, सगळी गावं सारखी नाहीत. क आणि ग मध्ये सोयाबीनखालचं क्षेत्र छ आणि झ च्या तिप्पट, ख घ च ज मध्ये दुप्पट. तो भार लावला तर उतारा १२०० वरून ११३० वर आला, मोठी गावं नेमकी हलकी निघाली. आता हे गुणोत्तर झालं, वरचा आकडाही सॅम्पलमधला, खालचाही, त्यामुळे साधा फॉर्म्युला बाद. टेलर लिनिअरायझेशनने दर गावाचा शिल्लक फरक गुणिले त्याचं क्षेत्र असं धरून ०.२११ आलं, गाव वगळण्याच्या जॅकनाइफने ०.२१७. एवढा फरक असायचाच, टेलर वक्र रेषेला सरळ समजून चालतो. जॅकनाइफचा ठेवला, जरा मोठा आहे आणि सरांना समजावताना "एकेक गाव काढून बघितलं" हे एका वाक्यात होतं. हेक्टरी ८७ किलो. रिपोर्टमध्ये हाच.

२ नोव्हेंबर

पुढच्या वर्षाचा हिशोब. व्हेरिअन्स दोन वाट्यांत पाडला, गावागावांतला ०.४०४, गावाच्या आतला ०.२५. तेवढेच ४८ प्लॉट वेगळे वाटले तर (साध्या सरासरीसाठी, ९४ शी तुलना करायला):

८ गावं, ६ प्लॉट: ९४ किलो.
१६ गावं, ३ प्लॉट: ७० किलो.
२४ गावं, २ प्लॉट: ५९ किलो.

कापणी तेवढीच, झोडपणी तेवढीच, गच्चीही तेवढीच लागणार. वाढणार ते डिझेल आणि पहाटे उठणं. सर म्हणाले १६. मी म्हटलं २४, गावात एकच शेत, दोन प्लॉट, दुपारी बारापर्यंत दुसऱ्या गावात, दोन टोळ्या करायच्याच आहेत तर दिवसाला चार गावं होतात, सहा दिवस. ड्रायव्हर भैय्याला विचारलं तर म्हणाला चार नहीं मॅडम, तीन, रस्ता आपने देखा है. तीन धरले तर आठ दिवस, आणि शेंगा तडकायच्या आत ते बसवायचंय. गाडी दुसरी कुठून आणायची ते सोमवारी ठरेल.